जे हवेत गेलं नाही, त्याचे दलाल

काका, तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते. सकाळची वेळ होती. खिडकीतून शेलूबाजारच्या रस्त्यावरच्या जीपांचे हॉर्न ऐकू येत होते. तो भाव पाडून मागत होता आणि त्याची नेहमीची कारणं सांगत होता. बाहेरदेशी मागणी नाही, सरकारचे नियम अजून पक्के नाहीत. तेवढ्यात टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर काकूंच्या नंबरवरून निरोप आला. तुमच्या सुनेनं लिहिला होता. 'बाबा गेले.'

मी वाचलं आणि गप्प झाले. पहिला फोन कानालाच होता. पलीकडून तो "हॅलो, मॅडम, हॅलो" म्हणत होता आणि मला शब्द सापडत नव्हता. मग तो म्हणाला, "बरं मॅडम, नाराज होऊ नका, थोडं वाढवतो." मी तरी गप्पच. त्यानं आणखी वाढवलं. शेवटी मी कसंबसं "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला.

या हंगामातला सगळ्यात चांगला सौदा तो, काका. तुमच्या मरणानं करून दिला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाची असती आणि मी तुम्हाला सांगितली असती, तर दुपट्टा तोंडाला लावून पोट हलेपर्यंत हसला असता तुम्ही. म्हणून लिहिते.

तुमचा सगळा जन्म मंगरूळपीरच्या बाजारात गेला. सोयाबीन, तूर, हरभरा यांची दलाली. माझे बाबा आमच्या मळ्यातली वांगी न् मेथी बाजारात आणायचे आणि तूर निघाली की ती घेऊन तुमच्याकडे यायचे, म्हणून तुम्ही काका. पुढं तुमचे गुडघे धरले, धुळीनं खोकला लागला, तुम्ही आडत बंद केलीत आणि घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पावसाचा अंदाज सांगू लागलात. त्याच सुमाराला मी अमरावतीला पर्यावरणशास्त्र शिकून, पुण्यात थोडी नोकरी करून गावी परतले होते. शेलूबाजारजवळ नवीन गॅस कंपनी उभी राहिली होती, तिथं लागले.

कंपनीचं काम सांगायला सोपं. शेण, भाजीबाजारातला कचरा आणि हत्तीगवत मोठ्या बंद टाकीत कुजवायचं, निघालेला गॅस साफ करून सिलिंडरात भरायचा आणि गाड्यांच्या पंपांना विकायचा. उरलेली मळी खत म्हणून शेतात. माझं काम त्याला जोडूनच, पण ते घरी आईलाही नीट समजावता आलं नाही. उकिरडा उघड्यावर कुजला की त्यातून निघणारा वायू हवेत जातो आणि हवा तापवतो. तो आपण टाकीत अडवतो. किती अडवला याचं मोजमाप होतं, बाहेरचे तपासनीस येऊन ते तपासतात आणि तेवढी प्रमाणपत्रं मिळतात. त्यालाच कार्बन क्रेडिट म्हणतात. ज्या कारखान्यांना स्वतःचा धूर लगेच कमी करता येत नाही, ते ही प्रमाणपत्रं विकत घेतात. मला मोजमाप येत होतं. विकणं येत नव्हतं. आमचे मॅनेजर गिरीसाहेब वैतागले तेव्हा मी म्हटलं, आमच्या गावात एक माणूस आहे, तो काहीही विकू शकतो.

पहिल्या दिवशी तुम्ही धुतलेलं धोतर आणि पांढरा दुपट्टा घालून आलात, खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "माल दाखव."

मी संगणकावर प्रमाणपत्र दाखवलं.

"हा तं कागद झाला. माल कुठी हाय?"

"माल दिसत नाही, काका. जे हवेत गेलं नाही, ते आपण विकतो."

"गेलं नाही ते?"

"हो."

तुम्ही गिरीसाहेबांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तुमच्या मित्राच्या पोरीचं डोकं पुण्यात फिरलं की काय, असं तुमच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "मंग ते गेलं नाही, हे पाह्यलं कोनं?"

मी तुम्हाला टाकीकडे घेऊन गेले. आत किती शेण गेलं ते कुठं लिहिलं जातं, गॅस किती निघाला ते कोणत्या मीटरवर दिसतं, तपासनीस काय बघतात, सगळं दाखवलं. दुपार झाली तरी तुम्ही उन्हात उभे राहून ऐकत होता. टाकीवरच्या फुगलेल्या रबरी घुमटावर तुम्ही हात ठेवलात आणि म्हणालात, "गरम लागते वं. जितं हाय हे." ऑफिसात परत येताना तुमचा एकच प्रश्न उरला होता. "हा माल जुना झाला तं सडते काय?"

"सडत नाही. पण जुन्या वर्षाच्या मालाला भाव कमी मिळतो."

"मंग तूरच हाय हे," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आलात.

तुम्ही फोन कसा करायचात ते मला अजून दिसतं. आधी समोरच्याच्या गावचा पाऊस विचारायचा. मुंबईतल्या वातानुकूलित ऑफिसात बसलेल्या पोराला पावसाचं काय? पण तो सांगायचा. मग त्याची आई कशी आहे. मग मधेच, जणू आठवलं म्हणून, मालाची गोष्ट. तुमचं हिंदी वऱ्हाडी, तुमचा आवाज मोठा आणि भरलेला, खालच्या वजनकाट्यापर्यंत ऐकू जायचा. वजनकाट्यावरची पोरं म्हणायची, दामूभाऊले फोन कायले लागते, खिडकी उघडून बोलले तरी मुंबईले ऐकू जाईन.

आपलं मोठं भांडण त्या सिमेंटवाल्यावरून झालं. तो पुष्कळ माल मागत होता, भाव चांगला देत होता, आणि त्याला आपल्या पोत्यांवर 'प्रदूषणमुक्त सिमेंट' असं छापायचं होतं. मी म्हटलं, याला विकायचं नाही.

"काहून?"

"हा स्वतःच्या भट्टीचा धूर एवढासाही कमी करणार नाही. आपला कागद लावून म्हणणार, माझा धूरच नाही."

"पल्लवे, मी तूर इकली, तं तिची डाळ चोर खाते का साव खाते, हे इचारलं काय कधी?"

"डाळ खाऊन कोणी मी उपाशी आहे असं सांगत नाही, काका."

तुम्ही हसला नाहीत. "आपल्या शेनाचा गॅस खरा हाय का नाही?"

"खरा आहे."

"मंग आपलं खरं आपल्यापाशी."

"आपलं खरं त्याच्या खोट्याला ठिगळ म्हणून जातंय."

"जाऊ दे," तुमचा आवाज चढला. "कास्तकाराच्या गवताचा पैसा त्याच ठिगळातून निंगते. तुले पाह्यजे तसा सोन्यासारखा गिऱ्हाईक कवा येईन, आन् तोपर्यंत ट्रॅक्टरवाल्याले मी काय सांगू?"

तुम्ही विकलंत. मी नाराज राहिले. आपण एकाच खोलीत बसून वेगवेगळा चहा पीत होतो. मग एके दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर एक छोटा डबा ठेवलात. काकूंनी माझ्यासाठी आंबाडीची भाजी दिली होती. तुम्ही म्हणालात, "भांडन आपलं हाय, भाजीचं नाही." मी खाल्ली. भांडण मात्र मिटलं नाही. अधूनमधून, कोणतं नवं गिऱ्हाईक आलं की ते पुन्हा डोकं काढायचं आणि आपण दोघं ते आपापल्या बाजूनं थोडं पुढं न्यायचो. मला त्या भांडणाची सवय झाली होती.

तुमचा आवाज बसू लागला तेव्हा तुम्ही धुळीवर ढकललंत. मी तुमच्या खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही ती पुडी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलीत आणि संध्याकाळी दुसरी घेतलीत, हे मला वजनकाट्यावरून कळलं. नंतर घास गिळायला त्रास होऊ लागला तेव्हा तुमचा मुलगा तुम्हाला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही मला फोन केला होता. घोगरा, फाटका आवाज. मला वाटलं काही निरवानिरव सांगाल. तुम्ही आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाबद्दल म्हणालात, "मेहताले या महिन्यात भाव वाढवून माग. त्याले माल पाह्यजे हाय, तो दाखवत नाही." तुमच्या स्वतःच्या आवाजात मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

तुम्ही परत आलात ते गळ्यावरच्या छिद्राला दुपट्टा गुंडाळून. दवाखान्यातून घशाला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, टॉर्चएवढं. त्यातून शब्द निघायचे, पण पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसे. घरी तुम्ही ते पहिल्यांदा लावलंत तेव्हा तुमची नात काकूंच्या मागं लपली. तुम्ही ते पिशवीत ठेवलंत आणि पुन्हा काढायचं नाव घेतलं नाही. गिरीसाहेब मला हळूच म्हणाले की आता काकांना कामावर बोलावण्यात अर्थ नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जीपनं आलात आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलात.

मेहतांचा फोन आला तेव्हा मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तुम्ही माझा हात ओढलात, त्यावर दुपट्टा टाकलात आणि खालून माझी बोटं धरलीत. मी चमकले. मग लक्षात आलं. तुमचे वडील ढोरांच्या बाजारात दलाल होते, तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटांनी ठरवतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. मला ते येत नव्हतं. मेहता बोलत होते, तुम्ही बोटं दाबत होता, आणि मी काहीतरी भलताच भाव सांगितला. मेहता म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" तुम्ही कपाळावर हात मारलात.

पण मी शिकले. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत दुपट्ट्याखाली मला घोकून घेतलंत. सगळ्यात कठीण खूण सगळ्यात सोपी होती. तुम्ही माझ्या हाताची मूठ वळवून ती आपल्या हातात घट्ट धरायचात. म्हणजे गप्प राहा. समोरच्यानं भाव सांगितला की माझं तोंड लगेच उघडायचं आणि तुमची मूठ घट्ट व्हायची. पलीकडचा माणूस थोडा वेळ थांबायचा, खोकायचा, आणि मग स्वतःच बोलू लागायचा. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवायचात. आवाज नसलेल्या माणसानं मला गप्प राहायला शिकवलं, असं मी तेव्हा गमतीनं सगळ्यांना सांगत असे.

मग ते वादळ आलं. उन्हाळा सरत आला होता. शेलूबाजारची पत्र्याची दुकानं उघडी पडली, रस्त्यावर बाभळी आडव्या झाल्या आणि आपल्या टाकीवरचा घुमट शिवणीवर उसवला. जवळ गेलं की कुजक्या अंड्यांचा वास नाकात भरायचा. घुमटाचं रबरी कापड आणि ते जोडणारे लोक परराज्यातून यायचे होते, त्याला वेळ लागला. तोवर आत तयार झालेल्या वायूतला बराचसा सरळ हवेत गेला.

आणि कागदावर काहीच बिघडलं नव्हतं. महिन्याचा हिशेब आत आलेल्या शेणावरून व्हायचा, मीटरवरून नाही, आणि शेण तर रोज येत होतं. त्या तिमाहीचा माल आपण मेहतांना आधीच कबूल केला होता.

गिरीसाहेबांनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, काका, तुम्हालाही ते कधी तसे वाटले नाहीत. ते म्हणाले, "पल्लवी, तपासनीस हिवाळ्यात येतील. तोवर घुमट नवा झालेला असेल. कामरगावच्या दुसऱ्या टाकीचं मालकांसमोर आत्ताच ठरायचं आहे. हे आज बाहेर पडलं तर ती टाकी गेली. तिथल्या लोकांनी गवत लावून ठेवलंय."

ते खरं होतं. कामरगावच्या कितीतरी जणांनी त्या टाकीच्या भरवशावर वावरात हत्तीगवत लावलं होतं. तुमच्या बहिणीचा गजाननही त्यात होता. तुम्हीच त्याला सांगितलं होतं, लाव म्हणून.

मी म्हटलं, "हवेत गेलेला वायू गेला नाही असं मी लिहिणार नाही, साहेब."

"मग मेहतांना तुम्हीच सांगा."

मला वाटलं तुम्ही गजाननचा विचार करत असाल. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी मेहतांना फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, आणि सवयीनं डावा हात तुमच्याकडे केला. तुम्ही तो धरला नाहीत. माझ्या हातातून फोन काढून घेतलात, पिशवीतून ते यंत्र काढलंत, दुपट्टा सोडून गळ्याला लावलंत.

"मेहताशेठ, मी दामोदर बोलून राह्यलो."

तो आवाज त्या खोलीत आम्ही दोघं पहिल्यांदा ऐकत होतो. गिरीसाहेब उठून उभे राहिले.

"कोण? लाईन खराब आहे," मेहता म्हणाले. "नंतर करा."

"लाईन चांगली हाय, शेठ. माहा गळा खराब हाय."

तुम्ही यंत्र गळ्यावर नीट दाबलंत.

"माल कमी हाय. वादळानं घुमट फाटला, गॅस उडाला. जितका अडवला तितकाच देईन. बाकीचा कबूल केलता, तो देता येत नाही."

मेहतांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला काय झालं, दामोदरभाई?"

"खर्रा," तुम्ही म्हणालात.

"जितका आहे तितका द्या," ते म्हणाले. "बाकीचं मी पाहतो." तुम्ही फोन खाली ठेवलात. आपण तिघंही मग चहा प्यायलो.

यापुढं सगळं गोड झालं असतं तर हे लिहायला सोपं गेलं असतं. मेहतांनी पुढच्या हंगामात आपल्याकडून माल घेतला नाही. वाईट बोलले नाहीत, फक्त दुसरीकडे गेले. मालकांनी कामरगावची टाकी पुढं ढकलली. गवत वाढून उभं राहिलं आणि लोकांनी ते मिळेल त्या भावात चारा म्हणून काढलं. गजानन ऑफिसात आला तेव्हा मी तिथंच होते. त्यानं बूट बाहेर काढले, तुमच्या पाया पडला आणि मग उभ्या उभ्या म्हणाला, "मामा, तुमाले आवाज नव्हता तेच बरं होतं."

तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. यंत्र तुमच्या हातात होतं. ते तुम्ही गळ्याला लावलं नाहीत, पिशवीत ठेवलंत. तो गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही ते पुन्हा काढलं नाही, दुपट्ट्याखालची बोटंच बोलत राहिली. लिहिणार नाही असं मी म्हटलं होतं, काका, फोन तुम्ही केलात आणि बोलणी तुम्ही एकट्यानं खाल्लीत. मी तुम्हाला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आभार मानले असते तर तुम्ही मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं असतं, एवढं मला माहीत होतं.

ते यंत्र परत कसं निघालं ते आठवतं? मी एका नव्या व्यापाऱ्याला भाव सांगत होते, त्यानं हुं केलं आणि मी घाईनं भाव उतरवायला निघाले. तुमचे दोन्ही हात चहाच्या कपाला गुंतले होते. तुम्ही कप आपटलात, यंत्र काढलंत आणि शेजारून तो भुंगा बोलला, "गप." पलीकडचा व्यापारी घाबरून म्हणाला, "ठीक है, ठीक है, मंजूर." आपण दोघं त्या दिवशी इतके हसलो की तुम्हाला धाप लागली.

हिवाळ्यात तपासनीस आले. त्यांच्या अहवालात आपली ती फाटकी तिमाही आहे तशी लिहिलेली आहे, वादळ आणि शिवणीसकट. अहवाल सगळे वाचतात. त्यानंतर जी नवीन गिऱ्हाइकं आली, त्यांच्यातल्या काहींनी तोच भाग विचारला. काही त्यामुळं आली, काही त्यामुळं गेली. मला अजून नक्की सांगता येत नाही की त्या फोननं आपलं भलं झालं का नुकसान. तुम्हाला सांगता येत होतं का?

दुखणं परत आलं ते यंदा. या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी तुम्हाला शेवटची भेटायला आले तेव्हा तुमची खाट मळ्याकडच्या खोलीत होती, खिडकीतून वांग्याचे वाफे दिसत होते. काकू तुमच्या उशाशी बसून बोलत होत्या. वांग्याला कीड पडली आहे, शेजारणीच्या सुनेचं काय झालं, बाजारात कोथिंबिरीला कोणी विचारत नाही. माझ्याशी बोलत होत्या का तुमच्याशी ते कळत नव्हतं. तुम्ही यंत्राकडे बोट केलंत. हातात धरायची ताकद नव्हती, म्हणून काकूंनी ते तुमच्या गळ्याला लावून धरलं.

"तो सिमेंटवाला," तुम्ही म्हणालात.

मला क्षणभर कळलंच नाही. इतक्या वर्षांपूर्वीचा तो सौदा.

"त्यानं मंग धूर कमी केला काय?"

"माहीत नाही, काका."

"इचार."

"विचारलं तर तो पुन्हा आपल्याकडे येणार नाही."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग तो भुंगा पुन्हा बोलला, अगदी बारीक. "इचार तं खरं."

म्हणजे तुम्ही माझ्या बाजूला आला होता? का फक्त तुम्हाला उत्सुकता होती? मला हे विचारायचं होतं. काकूंनी यंत्र बाजूला केलं आणि तुम्हाला पाणी पाजायला घेतलं, आणि मी उठले. उद्या-परवा येऊ, तेव्हा नीट भांडू, असं मनाशी म्हणत बसस्टँडवर आले.

मी विचारलं, काका. तुमची तेरवी झाल्यावर सिमेंट कंपनीच्या त्या माणसाला फोन केला. तो गोड बोलला. कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. मी पुन्हा करणार आहे. तो कंटाळून खरं सांगेपर्यंत करणार आहे. आणि कामरगावच्या टाकीचा खड्डा खणून झाला आहे. मालकांनी शेवटी होकार दिला, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. गजाननानं तुम्हाला खांदा दिला. स्मशानातून परतताना तो माझ्या शेजारून चालत होता, दोनदा माझ्याकडे बघून काही बोलेल असं वाटलं, आणि बोलला नाही. मीही त्याला काही म्हटलं नाही. ते तुम्हा मामा-भाच्याचं होतं.

गेल्या आठवड्यात काकू कंपनीत आल्या. एकट्याच, जीपनं. तुम्ही कुठं बसायचात ते बघायचं होतं त्यांना. मी खुर्ची दाखवली. त्यांनी ती पदरानं पुसली, पण बसल्या नाहीत. मग टाकी बघितली, मळीचा हौद बघितला, भाजीबाजारातला कचरा निवडणाऱ्या बायका बघितल्या. सडक्या कोबीतून प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबर, थर्माकोलच्या ताटल्या बाजूला काढायच्या असं ते काम.

"हे काम मले देते काय?" काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्हाला कशाला? घरी सगळं आहे."

"घरी सगळं हाय वं. पन या वरसांत मीच एकटी बोलत होती न् हा मानूस ऐकत होता. आता ऐकनारा गेला. भित्ताडासंगं किती बोलू?"

सोमवारपासून त्या कामाला लागल्या. जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी ट्रॅक्टरवाला माझ्याकडे तक्रार घेऊन वर आला. "म्याडम, ते नवी बाई ट्रॉली खाली करू देत नाही. म्हन्ते, कचऱ्यात कचरा हाय, वापस घेऊन जाय."

"मग निवडून आणा," मी म्हटलं.

तो कुरकुरत गेला. मला हसू फुटलं, आणि हे तुम्हाला सांगायला मी शेजारी वळले. तुम्ही गेल्यापासून मी रडले ती तेव्हा, पहिल्यांदा. खालून काकूंनी खिडकीकडे बघून हाक मारली, "पल्लवे, काय झालं वं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घ्यायला या वर."

त्या आल्या. हाताला सडक्या कोबीचा वास येत होता. या वेळी त्या तुमच्या खुर्चीवर बसल्या, बशीत चहा ओतला आणि बोलू लागल्या. ट्रॅक्टरवाल्याबद्दल, वांग्यांबद्दल, तुमच्या नातीच्या शाळेबद्दल. चहा निवला तरी त्या थांबल्या नाहीत. मी फोन बाजूला ठेवला आणि ऐकत राहिले.